वचन पाठवू नका, पान वाचा

एप्रिल २०२१. पप्पांना जाऊन तीन तास झाले होते. दफनाला मोजक्याच माणसांना परवानगी होती, आई स्वतः पॉझिटिव्ह होती, आणि माझा फोन वाजायचा थांबत नव्हता. रात्री मी आलेले मेसेज मोजले, डोक्याला काहीतरी काम हवं म्हणून. चौदा जणांनी एकच वचन पाठवलं होतं. यिर्मया, अध्याय २९, वचन ११. कुणी सूर्योदयाच्या फोटोवर, कुणी पांढऱ्या कबुतरावर. सार असं, की देवाने तुमच्यासाठी जे योजलंय ते भल्याचंच आहे, पुढे आशा आहे.

पाठवणारी माणसं वाईट नव्हती. त्यातल्या दोघांनी ऑक्सिजनसाठी आमच्याबरोबर रात्रभर फोन फिरवले होते. पण त्या रात्री मला वचन नको होतं, भांडायला कुणीतरी हवं होतं. म्हणून मी पप्पांचं पवित्र शास्त्र उघडलं आणि ज्या पानावर हे वचन आहे ते पान वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा, अख्खं.

तुम्हीही वाचा. ख्रिस्ती असा वा नसा, दहा मिनिटांचं काम आहे.

ते एक पत्र आहे. यरुशलेमहून ज्यांना पकडून बाबेलला नेलं, त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं. पत्रात तो सांगतो: तिथेच घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलं होऊ द्या. लगेच परत यायचं नाहीये. मग अकराव्या वचनातली आशा येते, पण त्याच्या अगदी आधी, दहाव्या वचनात, मुदत आहे. सत्तर वर्षं. म्हणजे हे पत्र ज्या कर्त्या माणसांच्या हाती पडलं, त्यांतले बहुतेक परतीची वाट बघत परमुलखातच मरणार होते. हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. वाचणाऱ्यांनाही कळलं असणार.

आता एक पान मागे जा. अध्याय २८. तिथे हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, की घाबरू नका, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना ते आवडलं असणार, कुणाला आवडणार नाही? यिर्मयासुद्धा म्हणतो, तसं झालं तर फार बरं. आणि तरी त्याला सांगावं लागतं, की हनन्या, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतो आहेस.

दोन वर्षं म्हणणारा खोटा ठरला. सत्तर वर्षं म्हणणारा खरा. आणि आपण काय करतो? दहावं वचन कापतो, अकरावं फ्रेम करतो आणि यिर्मयाच्या सहीने हनन्याचा निरोप पाठवतो.

माझं भांडण याच्याशी आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये वाचन संपलंय आणि वचनं उरली आहेत. रोज सकाळी एक वचन, गोळी घेतल्यासारखं. कॅलेंडरवर, रिक्षाच्या मागे, ग्रुपवर, स्टेटसवर. वचन कुठून आलं, कोण कुणाला म्हणालं, आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणी विचारत नाही. मग एखाद्या मुलामुलीच्या आयुष्यात खरा प्रश्न येतो तेव्हा हाती फक्त गोळ्या असतात. त्या लागू पडल्या नाहीत, की दोष औषधाचा नाही, तुमचाच, असं सांगितलं जातं.

कोविडच्या दिवसांत ९१वं स्तोत्र दारोदार चिकटलेलं होतं. आमच्याही दारावर होतं. मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, असं त्याचं आश्वासन. ते स्तोत्र मला आजही आवडतं. पण शुभवर्तमानात याच स्तोत्रातलं आश्वासन एकजण येशूला ऐकवतो. मंदिराच्या टोकावर उभं करून तो म्हणतो, मार उडी, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंच आहे की. हे ऐकवणारा कोण? सैतान. मत्तयाचा चौथा अध्याय. संदर्भ तोडून वचन तोंडावर फेकण्याची युक्ती शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनाही ओळखीची होती, आणि ती त्यांनी कुणाच्या तोंडी घातली ते बघा.

ग्रुपवरच्या चित्रांवर इतकं काय चिडायचं, असं तुम्ही म्हणाल. चिडायचं कारण पुढे घडलं.

सभा पुन्हा भरायला लागल्यावर मी तरुण संघात गेलो. प्रश्न घेऊन गेलो होतो आणि विचारला. आम्ही तीन दिवस उपास करून प्रार्थना केली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा, ज्यांच्यासाठी कुणीही प्रार्थना करत नव्हतं, ते घरी गेले. माझे पप्पा गेले नाहीत. हे मी कसं समजून घ्यायचं? सभा चालवणारा भाऊ माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. शंकेला जागा देऊ नका. आपण एक गीत घेऊ या." गीत झालं. टाळ्या झाल्या. मी चप्पल घालून घरी आलो.

त्या भावावर मी आज रागावलेलो नाही. त्याला कुणी पान वाचायला शिकवलंच नव्हतं. पण त्याचं उत्तर पवित्र शास्त्रात आहे. शब्दशः नाही, पण आहे. आणि ते देवाच्या तोंडी नाही, ईयोबाच्या मित्रांच्या तोंडी आहे.

ईयोबाची गोष्ट ऐकून माहीत असते: चांगला माणूस, सगळं गमावलं, धीर धरला, सगळं परत मिळालं. ही गोष्ट पहिले दोन अध्याय आणि शेवटचा अध्याय वाचून तयार होते. पुस्तकाला अध्याय आहेत ४२. मधल्या अध्यायांत हा धीराचा पुतळा देवाशी कडाकडा भांडतो. जन्माला आलो तो दिवस जळो म्हणतो, देवाने कोर्टात उभं राहून जाब द्यावा म्हणतो. मित्र अस्वस्थ होतात आणि देवाची वकिली सुरू करतात. काहीतरी चुकलं असेल तुझं, देव उगाच शिक्षा करत नाही. बिल्दद नावाचा मित्र, सात मुलगे आणि तीन मुली एका दिवशी गमावलेल्या बापाला सांगतो, की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं.

याच बिल्ददाचं, याच भाषणातलं एक वाक्य मी नव्या दुकानांच्या आणि नव्या घरांच्या शुभेच्छांत छापलेलं पाहिलंय. आठवा अध्याय, सातवं वचन. सुरुवात लहान असली तरी पुढे भरभराट होईल, अशा अर्थाचं. चौथं वचन मुलांच्या मरणाचं, सातवं भरभराटीचं. मध्ये अंतर दोन वचनांचं.

शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबालाही ऐकवतो, आकाश-समुद्र दाखवून गप्प करतो. पण निकाल देताना तो मित्रांवर संतापतो. शेवटच्या अध्यायात तो त्यांना सांगतो, की तुम्ही माझ्याबद्दल यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. हे कुठल्या नास्तिकाने लिहिलेलं नाही. आपल्या कपाटातल्या, आपण डोक्याला लावतो त्या पुस्तकात आहे. मग आपण तरुण संघात ईयोबाला गप्प बसवून बिल्ददाच्या हाती माइक का देतो?

एकदा पान वाचायला लागलं की अशी माणसं जिकडेतिकडे भेटतात. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. त्यातलं ८८वं असं, की त्यात शेवटी उजेडच होत नाही, अंधारावरच संपतं. आमच्या उपासनेत २३वं आणि १२१वं मी शेकडो वेळा ऐकलं, ८८वं एकदाही नाही. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याने येशूला जगापुढे आणलं, तो तुरुंगातून माणसं पाठवून विचारतो, की येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? मत्तयाच्या अगदी शेवटच्या प्रसंगात, पुनरुत्थान झालेल्या येशूला समोर पाहूनही काहींना संशय वाटला, अशी साधी नोंद आहे. लिहिणारा ती सहज गाळू शकला असता. त्याने गाळली नाही.

आणि थोमा. 'संशयी' हे विशेषण त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. पण त्याने मागितलं काय? इतर दहाजणांनी जे आधीच पाहिलं होतं तेवढंच. तो प्रसंग आठ दिवसांनी घडतो, आणि मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील हा वाटतो, की आठ दिवसांनीही थोमा त्यांच्यातच होता. ते म्हणत होते आम्ही पाहिलं, हा म्हणत होता मला पटत नाही, आणि तरी सगळे एका खोलीत, एका दाराआड. त्याला कुणी ग्रुपमधून काढलं नव्हतं, तोही 'लेफ्ट' झाला नव्हता. परंपरा सांगते की पुढे हाच संशयी माणूस भारतात आला. म्हणजे शुभवर्तमान आपल्या किनाऱ्यावर कुणी आणलं असेल, तर शंका घेणाऱ्यानेच.

हे सगळं परदेशातलं, जुन्या काळातलं वाटत असेल तर घरात या. मराठी ख्रिस्ती समाज ज्यांची नावं अभिमानाने घेतो, त्यांच्या आयुष्यातलीही नेमकी हीच पानं आपण चिकटवून टाकली आहेत.

पंडिता रमाबाईंची शब्बाथ शाळेतली गोष्ट अशी: संस्कृत पंडिता होत्या, शोध घेत होत्या, इंग्लंडला गेल्या, २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, शांती मिळाली. पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई प्रश्न विचारतच राहिल्या. त्रैक्य म्हणजे काय, ख्रिस्ताचं देवत्व कसं मानायचं, चमत्कारांचं काय, चर्चच्या मतांगिकारातलं प्रत्येक वाक्य मानलंच पाहिजे का? सिस्टर जेराल्डीनला त्या प्रेमाने आजीबाई म्हणत, आणि त्याच आजीबाईंशी पत्रांतून वर्षानुवर्षं भांडत. जेराल्डीनला यात गर्व दिसे. रमाबाईंनी कळवलं ते अशा आशयाचं, की इकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तिकडच्यांचं मानेवर घेणार नाही. ही पत्रं गुप्त नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती १९७७मध्ये छापली आहेत. आमच्या एकाही प्रवचनात मी त्यांचा उल्लेख ऐकला नाही.

पुढे १९०७च्या आपल्या साक्षीत रमाबाई स्वतः सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. आज एखाद्या मुलीने सभेत उभं राहून हे म्हटलं तर काय होईल? तिच्यासाठी खास प्रार्थना ठेवली जाईल. रमाबाईंनी काय केलं? त्या वाचत राहिल्या. मूळ इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबवलं नाही. एप्रिल १९२२मध्ये स्वतः गेल्या, त्याआधी भाषांतर पुरं झालं होतं. शंकेने त्यांना पुस्तकापासून दूर नेलं नाही. वचनाच्या भाषांतरावरही विसंबू नये, मुळात काय लिहिलंय ते बघावं, इथपर्यंत नेलं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. रेव्हरंड टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९००ला. मधली पाच वर्षं काय होतं? ताटातूट, राग, रडणं, मग एका छपराखाली राहून सोवळं-ओवळं सांभाळणं, आणि हळूहळू एकेक गोष्ट स्वतःच्या बुद्धीला पटवून घेणं. 'स्मृतिचित्रे'चा तो गाभा आहे. आपण मात्र पाच वर्षांची ही वाट एका ओळीत गुंडाळतो: "आणि मग त्यांनीही प्रभूचा स्वीकार केला."

इथे माझ्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रमैत्रिणींनी हसू नये. पानं चिकटवण्यात तुम्हीही मागे नाही. तुम्ही 'स्मृतिचित्रे' विनोदासाठी वाचता आणि ख्रिस्ताचा विषय आला की पान उलटता. रमाबाई तुम्हाला 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिणारी समाजसुधारक म्हणून हवी असते, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये गुडघे टेकणारी बाई अडचणीची वाटते. आम्ही त्यांच्या शंका गाळतो, तुम्ही त्यांची श्रद्धा गाळता. दोघांच्याही हाती अर्धी बाई उरते.

आता माझ्यावरचे आक्षेप. तीन आहेत, आणि तिन्ही मी घरातच ऐकले आहेत.

पहिला आईचा: "अशाने कच्च्या विश्वासाची माणसं डळमळतात." आई, डळमळलेली माणसं आधीच बाहेर गेली आहेत. माझ्या तरुण संघातल्या ज्या मुलांनी येणं बंद केलं, त्यांतल्या कुणीही प्रश्न विचारून भांडण काढलं नाही. ती नुसती यायची थांबली. आधी परीक्षेचं कारण, मग नोकरीचं, मग कारणही नाही. आणि विश्वास पक्का म्हणजे काय? मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७मध्ये पुस्तकरूपाने आली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत देवाचा पत्ता लागत नव्हता, नुसता अंधार होता, हे त्यांनी आपल्या मार्गदर्शकांना लिहून ठेवलं होतं. पत्रं नष्ट करा अशी त्यांची इच्छा होती. चर्चने ती जपली, आणि हे सगळं माहीत असून २०१६ला त्यांना संत घोषित केलं. कच्चा विश्वास याला म्हणायचं?

दुसरा आक्षेप काकांचा, आणि तो मला खरोखर जड जातो. "आपण महाराष्ट्रात जेमतेम एक टक्का. आधीच लोक संशयाने बघतात. आपल्या शंका चव्हाट्यावर मांडून त्यांच्या हाती काठी का द्यायची?" काकांची भीती खोटी नाही. पण रमाबाई तर एकट्याच होत्या. १८९३मध्ये पुण्यात मुलींना बाटवल्याचा आरोप झाला, पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या. त्याच रमाबाईंना चर्चमधली माणसं पुऱ्या ख्रिस्ती मानायला कचरत होती. दोन्हीकडून मार खाणाऱ्या या बाईने दोन्हीकडे एकच सांगितलं: मला पटेल तेच मी म्हणेन. बाहेरच्यांच्या भीतीने घरात खोटं बोलायची सवय लागली, की ती फक्त बाहेरच्यांपुरती राहत नाही. आपण आपल्या मुलांशीही तसंच बोलायला लागतो.

तिसरा आक्षेप माझ्याच वयाच्या मित्राचा, ज्याने सगळं सोडलंय. "मग सरळ बाहेर ये ना. कशाला ओढाताण?" त्याला मी म्हणतो, तुझं वाचनही बघू. तू मला जुन्या करारातल्या हिंसेची आणि गुलामांच्या नियमांची वचनं पाठवतोस, रीलमधून उचललेली, मागचंपुढचं काही नाही. माझ्या चौदा जणांनी सूर्योदयावर एक ओळ चिकटवली, तू काळ्या पार्श्वभूमीवर. ती पानं भयंकर आहेत, हे मला मान्य आहे. पण त्याच पुस्तकात त्यांच्याशी भांडणारी पानंही आहेत, आणि तू ती वाचलेली नाहीस. शंका घेणं ही काही आपोआप मिळणारी शहाणपणाची पदवी नाही. तीही मेहनतीने घ्यावी लागते. सगळं वाचून कुणी सोडलं, तर त्याच्यापुढे मी मान झुकवतो. न वाचता सोडणारा आणि न वाचता धरून बसणारा, मला तरी सारखेच.

मी कुठे आहे? रविवारी उपासनेला जातो, शेवटच्या बाकावर बसतो. मतांगिकार म्हणताना काही वाक्यांना आवाज निघतो, काहींना निघत नाही. पप्पांच्या मरणाचं उत्तर मला मिळालेलं नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात सांगतो, की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला तू मदत कर. त्याच्या मुलाला येशू बरं करतो, विश्वास पूर्ण भरून आण मग बघू, असं म्हणत नाही. सध्या मी त्या बापाच्या रांगेत उभा आहे.

पण ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट बरोबर केली होती, ती सांगायची राहिली. तोंड उघडण्याआधी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. ते बिघडले ते आठव्या दिवशी.

गेल्या पावसाळ्यात तरुण संघातल्या एका मैत्रिणीची आई गेली. मी काहीही फॉरवर्ड केलं नाही. एसटीने तिच्या गावी गेलो आणि ओसरीवर तिच्याशेजारी बसलो. दुपारनंतर ती म्हणाली, "काहीतरी वाच, पण ते २३वं नको. सकाळपासून सातदा झालंय." मी ८८वं काढलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि तिथेच थांबलो, पुढे धीराचं काही जोडलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे खरंच आत आहे? पान दाखव."

मी पान दाखवलं.